पुण्यात नवे आहात? मग गाण्याला आणि संगीत नाटकाला असं जा

नांदेडहून पुण्यात आल्यावर पहिले सहा महिने मी एकही मैफल ऐकली नाही. पैसे नव्हते हे खरं, पण अडचण वेगळीच होती. मी मोबाइलवर तिकिटांचं ॲप उघडायचो, त्यात दोन स्टँड-अप आणि एक महागडी कॉन्सर्ट दिसायची, आणि ‘या आठवड्यात काही नाही’ म्हणून ॲप बंद करायचो. त्याच संध्याकाळी माझ्या खोलीपासून चार गल्ल्यांवर कुणीतरी मारवा राग गात असायचं, तेही फुकट, आणि मला पत्ताच नसायचा.

पुण्यातले निम्मे चांगले कार्यक्रम ॲपवर येतच नाहीत. त्यांची बातमी वेगळ्या वाटेने फिरते. ती वाट एकदा पायाखालची झाली की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी बातमी मिळवा

आठवडाभर एक मराठी वर्तमानपत्र घ्या. ऑनलाइन नको, कागदाचं घ्या, कारण नाटकांच्या जाहिराती कागदावरच एका ठिकाणी सापडतात. शनिवार-रविवारच्या अंकात कुठल्या नाट्यगृहात किती वाजता कुठला प्रयोग आहे ते ओळीने दिलेलं असतं. शहराच्या पानावर ‘आजचे कार्यक्रम’ अशा नावाचा एक बारीक टायपातला चौकोन असतो. व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, योगासनं यांच्या गर्दीत दोन ओळी गाण्याच्या असतात. त्या दोन ओळी म्हणजे आपला खजिना.

दुसरं काम, येत्या रविवारी सकाळी बालगंधर्व रंगमंदिरापर्यंत चालत जा. नाटक बघायला नव्हे, नुसते फलक वाचायला. आवारात पुढच्या पंधरा दिवसांचे फलक लागलेले असतात. एका कोपऱ्यात संगीत नाटक, शेजारी लावणीचा कार्यक्रम, त्याच्या शेजारी विनोदी नाटक. मोबाइलवर फोटो काढा आणि पुढे जा. असंच कधी सदाशिव पेठेत गेलात तर भरत नाट्य मंदिराच्या दाराशी आणि टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिराच्या दाराशी थांबा.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. विनामूल्य कार्यक्रमाच्या दाराशी टेबलावर बरेचदा एक वही असते. नाव आणि फोन नंबर लिहा म्हणतात. एरवी मी कुणाला नंबर देत नाही, पण इथे देतो. त्यानंतर त्या संस्थेचे पुढच्या मैफलींचे निरोप व्हॉट्सॲपवर येत राहतात. चार वह्यांत नाव गेलं की वर्तमानपत्र नसलं तरी चालतं. सोबत सुप्रभातही येतं, ते सोसायचं.

जाहिरात वाचायला शिका

इथे नवी माणसं हमखास चुकतात. ‘नाट्यसंगीताचा कार्यक्रम’ म्हणजे संगीत नाटक नव्हे. त्यात दोन-तीन गायक बसून नाट्यपदं गातात, मध्ये निवेदक किस्से सांगतो. ‘संगीत नाटकाचा प्रयोग’ असं असेल तरच वेशभूषा, पडदा, संवाद आणि गाणारे नट हे सगळं मिळेल. ‘नाट्यप्रवेश’ म्हणजे नाटकातला एखादा तुकडा. आणि ‘प्रवेश विनामूल्य’ म्हणजे काय ते माहीत आहेच. ‘निवडक नाट्यप्रवेश, प्रवेश विनामूल्य’ अशी ओळ वाचून माझा तमिळ रूममेट अर्धा तास गोंधळला होता.

मैफलीच्या जाहिरातीत गायकाच्या नावाखाली ‘साथसंगत’ लिहिलेली असते: तबल्यावर कोण, हार्मोनिअमवर कोण. ती नावं नीट दिलेली असतील तर आयोजक गाण्याकडे गंभीरपणे बघणारे आहेत असं समजायला हरकत नाही. उलट निवेदकाचं नाव गायकापेक्षा मोठ्या अक्षरात असेल तर बोलणं जास्त ऐकावं लागेल. हे माझं मत आहे, पण बऱ्याच संध्याकाळी घालवून बनलेलं.

‘सदाबहार गीतांची मैफल’ अशा नावाचे कार्यक्रम पुण्यात भरपूर होतात. त्यात पुष्कळदा हौशी मंडळी कराओकेवर जुनी हिंदी गाणी म्हणतात. निवृत्त बँक अधिकारी, दंतवैद्य, सोसायटीचे सचिव. कुणी खरोखर सुरेल असतं. पण वाद्यवृंदाची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

‘काही जागा राखीव’ या तीन शब्दांचा अर्थ मला अनुभवातून कळला. सहाचा विनामूल्य कार्यक्रम होता, मी सहाला पाच कमी असताना पोचलो. पुढच्या रांगा निमंत्रितांच्या, बाकीच्या साडेपाचलाच भरलेल्या. पूर्ण पूर्वार्ध जिन्याच्या पायरीवर बसून ऐकला. गाणं उत्तम झालं, पाठ मात्र दोन दिवस बोलत होती. फुकटच्या कार्यक्रमाला अर्धा तास आधी पोचा. आणि सहा म्हणजे सहा. गावाकडच्या सवयीने साडेसहाला निघालात तर पहिला राग गेला.

कुठे काय ऐकायला मिळतं

सगळी सभागृहं पाठ करायची गरज नाही. सुरुवातीला तीन-चार ओळखीची करून घ्या.

जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर सगळ्यांना माहीत असतं. त्याची एक गोष्ट मात्र फलकावर नसते. १९६२ मध्ये या वास्तूची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या, म्हणजे संगीत नाटकातल्या त्या थोर गायक नटाच्या हस्ते बसली. रंगमंदिर उघडलं २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी. पण त्याच्या आदल्या वर्षी, १५ जुलै १९६७ ला, ते गेले होते. म्हणून जूनच्या अखेरीला इथे वर्धापनदिनाचे कार्यक्रम होतात आणि जुलैच्या मध्यावर पुण्यात ठिकठिकाणी त्यांच्या पदांच्या मैफली होतात. नाट्यसंगीत ऐकायची सुरुवात करायची तर पावसाळ्याचे हे पहिले काही आठवडे उत्तम.

मला स्वतःला जवळचं वाटतं ते भरत नाट्य मंदिर. संस्था १८९४ पासूनची. आकार लहान, गल्ली अरुंद, आणि संगीत नाटकाशी नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. संस्था स्वतः जुनी संगीत नाटकं बसवते. लहान नाट्यगृहात नटाचा आवाज माइकपेक्षा गळ्यातून जास्त येतो, आणि ऑर्गनचा पहिला सूर छातीत लागतो. पहिलं संगीत नाटक बघायचं ते इथे बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र इथे पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका असतात. तेव्हा बाहेर कॉलेजची पोरं ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणून ओरडत असतात. तोही एक संगीताचाच प्रकार समजा.

निव्वळ शास्त्रीय गाण्यासाठी मोठ्या नाट्यगृहांपेक्षा छोटी सभागृहं बरी. सेनापती बापट रस्त्यावर भारतीय विद्या भवन आहे. तिथे इन्फोसिस फाउंडेशनच्या साहाय्याने गायन, वादन, नृत्याचे कार्यक्रम होतात आणि ते सर्वांसाठी विनामूल्य असतात. टिळक रस्त्यावर हिराबागेजवळ ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे. शनिवार पेठेत गांधर्व महाविद्यालय आहे, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेलं. हे विनायकबुवा आधी बालगंधर्वांच्या कंपनीत गायक नट होते. शास्त्रीय गाण्यातला ख्याल आणि नाट्यपद यांच्यामधली भिंत पुण्यात कधी फार उंच नव्हती, ती अशा माणसांमुळे. या ठिकाणी शंभर-दोनशे माणसांत बसून गाणं ऐकता येतं, गायकाचा श्वासही ऐकू येतो.

कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, बिबवेवाडीचं अण्णा भाऊ साठे सभागृह, चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह ही मुख्यतः व्यावसायिक नाटकं आणि मोठ्या कार्यक्रमांची. घराजवळ असतील तर जाच. स्वारगेटचा गणेश कला क्रीडा रंगमंच अवाढव्य आहे. तिथे मागे बसलात तर गायक अंगठ्याएवढा दिसतो.

मोठ्या मैदानातल्या हिंदी-इंग्रजी कॉन्सर्ट म्हणाल, तर २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातूनच सुरू झाला आणि आता परदेशी गायकही इथे येतात. त्यांची माहिती ॲपवर आपोआप मिळते, त्यासाठी या लेखाची गरज नाही. एकच सांगतो: जायचं कसं याआधी परत यायचं कसं ते ठरवा.

तिकीट

व्यावसायिक नाटकाचं तिकीट बुकमायशो किंवा तिकिटालयवर मिळतं. तरी निदान एकदा खिडकीवर जा. खिडकीवर प्लॅन दाखवतात, म्हणजे आसनांचा नकाशा, आणि हवी ती खुर्ची बोट ठेवून मागता येते. खिडकी सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडी असते, दुपारी बंद. यावर विनोद करू नका, खिडकीमागच्या काकांनी ते सगळे ऐकलेले असतात.

संगीत नाटकाला अगदी पहिली रांग घेऊ नका. रंगमंचाच्या पुढ्यात ऑर्गन आणि तबला बसतात, पुढच्यांना नटापेक्षा वादक जास्त ऐकू येतात. मधल्या रांगांची मधली खुर्ची सगळ्यात चांगली, आणि पैसे वाचवायचे तर बाल्कनीची पहिली रांग. बैठकीच्या मैफलीचं उलट असतं. तिथे जमेल तितकं पुढे बसा, तबलजीची बोटं दिसली पाहिजेत.

शासनाचा सांस्कृतिक कार्य विभाग दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धा घेतो. त्यात संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी असते. ती कुठल्या शहरात आहे ते वर्तमानपत्रात येतं. तिकीट नाममात्र. सातारा, सांगली, गोवा अशा ठिकाणांहून हौशी संस्था येतात. कुणाची दाढी सुटते, कुणी पद विसरतं, आणि मध्येच एखादी विशीतली मुलगी असं गाते की मागच्या रांगेतले आजोबा ताठ बसतात.

सवाई, आणि बाकीचं वर्ष

डिसेंबरमध्ये पुण्यात कुणी ‘सवाईला भेटू’ म्हणालं तर ती जागा नव्हे, महोत्सव आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, भीमसेन जोशींचे गुरू. तेही आधी संगीत नाटकांत काम करायचे. १९५२ मध्ये ते गेले आणि १९५३ पासून भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. आता नावात दोघेही आहेत: सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पूर्वी तो रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. जुनी मंडळी अजून चुकून रमणबाग म्हणतात, त्यांच्या भरवशावर रिक्षा करू नका.

तिकीट खुर्चीचं आणि भारतीय बैठकीचं असं वेगवेगळं असतं. पूर्ण महोत्सवाचं घेता येतं, एका दिवसाचंही. पहिल्या वर्षी एका दिवसाचं, बैठकीचं घ्या. बैठक म्हणजे जमिनीवर. सोबत सतरंजी, छोटी उशी, पाण्याची बाटली आणि शाल किंवा स्वेटर न्या. शाल विसरू नका. दुपारी ऊन असतं म्हणून माणसं हाफ शर्टात येतात आणि आठनंतर कुडकुडतात. मंडपाला चहूबाजूंनी वारा असतो. दुपारी लवकर पोचा. पहिल्या सत्रात तरुण कलाकार असतात, गर्दी कमी असते, आणि वीस वर्षांनी ज्यांचं तिकीट मिळणार नाही ते तेव्हा दहा हातांवर बसलेले असतात.

पूर्वी सवाई रात्रभर चालायचा, पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. आता उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, तशी एखाद्या दिवशी मिळते. म्हणूनच शेवटचा कलाकार कितीही मोठा असला तरी घड्याळ बघून गातो. तुम्ही नऊ वाजता जेवून येऊ म्हणालात तर परत आल्यावर शेवटची भैरवीच ऐकाल.

महोत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ असे दोन उपक्रम असतात. पहिल्यात कलाकारांवरचे माहितीपट, दुसऱ्यात कलाकारांच्या मुलाखती. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्याने तर इथे जावंच. संध्याकाळी तोच कलाकार गायला बसला की ओळखीचं माणूस गातंय असं वाटतं.

जानेवारीत वसंतोत्सव असतो, वसंतराव देशपांडे यांच्या नावाचा, २००७ पासून राहुल देशपांडे करतात तो. शिवाय स्वरझंकार महोत्सव. गणेशोत्सवात मंडळांच्या मांडवांत आणि पुणे फेस्टिव्हलमध्ये गाणं असतं, पण बाहेर ढोल असतात हे लक्षात ठेवा. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांचे पास आधीच संपतात. दसरा झाला की विचारायला लागा. पितृपक्षात थोडी सामसूम असते, तेव्हा झोप भरून काढा.

आत गेल्यावर

आधी संगीत नाटकाचं. पुणेकर या प्रकाराबद्दल हळवे का असतात हे कळायला एक तारीख पुरे: ३१ ऑक्टोबर १८८०. त्या दिवशी आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. तोवर नाटकातली गाणी सूत्रधारच म्हणायचा. अण्णासाहेबांनी पात्रांनाच गायला लावलं, आणि मग पुढची पन्नासेक वर्षं ज्याला गाता येत नाही त्याला नायक होणं अवघड झालं.

तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा. नांदी, म्हणजे सुरुवातीचं स्तवन, पडद्यामागून किंवा पडदा वर जाताच सुरू होते, ती चुकवली तर नाटकाची चवच गेली. मग हे ध्यानात ठेवा की पदासाठी कथा थांबते. नायिका निघून चाललेली असते आणि निघताना पाच मिनिटं गाते. ‘जा ना आता’ असं वाटेल, पण ते वाटू देऊ नका. कथा सगळ्यांना ठाऊक असते, लोक आलेले असतात ते ती कशी निघून जाते हे ऐकायला. पद आवडलं तर ‘वन्स मोअर’ म्हणायची मुभा आहे. पूर्वी चार-पाच वन्स मोअर मिळायचे आणि नाटक पहाटे संपायचं. आताचे प्रयोग कापून तीनेक तासांत बसवलेले असतात, त्यामुळे एखादाच मागा.

शास्त्रीय मैफलीत सुरुवातीला गायक बराच वेळ तंबोरे जुळवतो. ते गाणं नव्हे, पण गप्पा मारायची वेळही नव्हे. मग विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं येतं. नव्या माणसाला इथे झोप येते, त्यात लाज नाही. तबल्याच्या ठेक्यात एक जागा पुन्हा पुन्हा येते, तिथे गायक आणि तबलजी एकत्र पडतात आणि आजूबाजूच्या माना हलतात. ती सम. रागाचं नाव ओळखता आलं नाही तरी चालेल, सम सापडली की गाणं धरता येतं. दाद आतून आली तर ‘वा’ म्हणा, शेजाऱ्याकडे बघून म्हणू नका. मांडीवर ताल जोरात वाजवला तर शेजारचे काका एकदाच बघतील, तेवढं पुरतं. उठून जायचंच असेल तर एक बंदिश संपून टाळ्या सुरू झाल्या की जा. मोबाइल बंद ठेवा. रेकॉर्डिंग करू नका, ते नंतर कुणीही ऐकत नाही.

मध्यंतरात बटाटेवड्याची रांग लांब असते. जोडीने गेला असाल तर एकाने चहाच्या, एकाने वड्याच्या रांगेत उभं राहायचं. अनोळखी माणूस ‘कसं वाटलं?’ विचारेल. ‘छान’ म्हणून सुटका होत नाही, तो पुढे ‘काय छान वाटलं?’ विचारतो. मग ‘मी नवीन आहे, तुम्हीच सांगा’ म्हणा. तो आनंदाने सांगतो. माझे निम्मे धडे वड्याच्या रांगेतले आहेत.

भैरवी सुरू झाली म्हणजे कार्यक्रम संपत आला. चपला शोधायची घाई असलेले लोक तेव्हाच उठतात. तुम्ही उठू नका.

परतीचं

बालगंधर्वला मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्थानक जवळ पडतं, गणेश कला क्रीडा आणि मुकुंदनगरला स्वारगेट, सदाशिव पेठेत जायला मंडई. शेवटच्या गाडीची वेळ जातानाच बघून ठेवा. साडेनऊच्या रात्रीच्या प्रयोगाला गेलात तर मेट्रो विसरा. दुचाकी न्याल तर पेठांच्या गल्ल्यांत पी-१ आणि पी-२ अशा पाट्या असतात: विषम तारखेला पी-१ च्या बाजूला, सम तारखेला पी-२ च्या बाजूला गाडी लावायची. चुकलात तर गाडी उचलून नेतात, आणि मग भैरवीनंतर पोलीस चौकी शोधावी लागते.

प्रयोग सुटला की सगळे एकदम रिक्षा शोधतात आणि रिक्षावाले ‘तिकडे नाही’ म्हणतात. दहा मिनिटं आवारातच थांबा. गर्दी ओसरते, रिक्षा मिळते, आणि तेवढ्या वेळात पुढच्या शनिवार-रविवारचे फलक वाचून होतात.